लोलिअ‍ॅटा हॉलोवे आणि तिच्या सुरुवातीच्या डिस्को रेकॉर्ड्स - कोणी ऐकतं का इथे?

तबकडीवाला

मंडळी, नव्वदीत ज्यांनी केबलवर इंग्रजी गाणी बघितलीत त्यांनी या बाईला नक्की ऐकलंय, फक्त नाव माहीत नाही. मार्क वॉलबर्ग सिनेमात यायच्या आधी मार्की मार्क नावाने रॅप करायचा, त्याचं 'गुड व्हायब्रेशन्स' १९९१ ला अमेरिकेत एक नंबरला गेलं. त्यात तो बोलत राहतो आणि मधेच एक बाई छप्पर उडवते. तीच ही. त्याच्या आधी १९८९ मधे ब्लॅक बॉक्स या इटालियन ग्रुपचं 'राइड ऑन टाइम' इंग्लंडमधे सहा आठवडे एक नंबरला होतं, त्यातही हीच. दोन्हीकडे तिच्या १९८० च्या 'लव्ह सेन्सेशन' मधला आवाज उचललाय.

मी पण तेवढंच ऐकून होतो. मग मागे मागे जात तिच्या १९७६-७७ च्या 'लोलिअ‍ॅटा' अल्बमला पोचलो (गोल्ड माइंड लेबल, म्हणजे साल्सोल कंपनीची पोटशाखा) आणि तिथेच अडकलोय. 'हिट अँड रन', 'ड्रीमिन', 'वी आर गेटिंग स्ट्रॉंगर'... 'लव्ह सेन्सेशन' चांगलंच आहे पण त्यात ती पहिल्यापासून टिपेलाच असते. या आधीच्या रेकॉर्डमधे ती चिडवते, लाडात येते, वैतागते, आणि मग टिपेला जाते.

एक मत नेहमी ऐकू येतं की डिस्कोने चांगल्या चांगल्या सोल (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं, चर्चच्या गाण्यातून आलेलं भावनेचं गाणं) गायकांची वाट लावली, सगळ्यांना एकाच ठेक्याला जुंपलं. हिच्या बाबतीत मला बरोबर उलटं वाटतं. ऐकलेल्यांनी लिहा, न ऐकलेल्यांनी ऐकून लिहा.

बेसुर_बंड्या

'हिट अँड रन' वाचून वाटलं वाहतूक पोलिसांवरचा धागा आहे. पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो :(

मुक्ता_प

तबकडीवाले, विषय मस्त पण मी त्या "नेहमी ऐकू येणाऱ्या" मताचीच आहे, तेव्हा भांडायला आले :)

तुम्ही १९७७ ला थांबलात. अजून चार पावलं मागे जा. तिचा पहिला अल्बम १९७३ चा, नाव पुन्हा 'लोलिअ‍ॅटा'च, अटलांटाच्या अवेअर लेबलवरचा. मग १९७५ चा 'क्राय टू मी'. हा खरा सदर्न सोल. 'क्राय टू मी' हे गाणं सॅम डीज या गीतकाराचं आहे, सॉलोमन बर्कचं त्याच नावाचं जुनं गाणं वेगळं, लोक गोंधळ करतात. हे गाणं अमेरिकेच्या आर अँड बी (काळ्या लोकांच्या लोकप्रिय गाण्यांच्या) यादीत पहिल्या दहात गेलं होतं, म्हणजे बाई अगदीच कोपऱ्यात पडलेली नव्हती. तिथे मागे ऑर्गन, गिटार आणि थोडे ब्रास, बास. गायिकेला श्वास घ्यायला जागा आहे. तुमच्या त्या गोल्ड माइंडच्या, फिलाडेल्फियाच्या वादकांच्या अल्बममधे व्हायोलिनची फौज, ट्रम्पेटची फौज, कॉंगा, कोरस, आणि त्या गर्दीत ही दंड थोपटून उभी. ती जिंकते, वाद नाही. पण प्रत्येक गाण्यात कुस्ती कशाला?

आणि गंमत बघा, त्या डिस्को अल्बममधलं सगळ्यात भारी गाणं कुठलं? 'वर्न आउट ब्रोकन हार्ट'. बॅलड आहे. परत सॅम डीजचंच.

जोशीबुवा_ठाणेकर

मुक्ताताईंशी अर्धा सहमत. रच्याकने, त्या अवेअर लेबलची गोष्ट माहितीये का कोणाला? ते जीआरसी नावाच्या कंपनीचं होतं, मालक मायकेल थेव्हिस. गृहस्थांचा मूळ धंदा अश्लील मासिकं आणि पीप शोच्या मशिनींचा, त्यातला पैसा रेकॉर्ड कंपनीत घातलेला. कंपनी बुडाली, १९७८ मधे हे साहेब तुरुंगातून पळाले आणि एफबीआयच्या मोस्ट वाँटेड दहा जणांच्या यादीत झळकले, पुढे खुनाच्या खटल्यात दोषी ठरले. चर्चमधे गाऊन मोठी झालेली बाई आणि पहिला मालक हा असा!

थोडक्यात काय, हिने सोल सोडून डिस्को "निवडला" असं काही झालेलं नाही. लेबल बंद पडलं, गाणं कुठेतरी करायचंच होतं, नॉर्मन हॅरिसने बोलावलं, गेली.

आगाऊ_पाहुणा

नॉर्मन हॅरिस कोण? आम्हा अडाण्यांना सांगत चला की.

रात्रपाळी

मी सांगतो, हा माझा प्रांत आहे (साउंडचं काम करतो, रात्री जागा असतो, नावावरून कळलंच असेल).

फिलाडेल्फियात सिग्मा साउंड नावाचा स्टुडिओ, जो टार्सियाने १९६८ मधे काढलेला. तिथले नेहमीचे वादक म्हणजे एमएफएसबी. त्यात तीन खांब: ड्रम्सवर अर्ल यंग, बेसवर रॉनी बेकर, गिटारवर नॉर्मन हॅरिस. डिस्कोचा जो ठेका आपण ओळखतो, खाली बेस ड्रम चारी मात्रांवर सारखा आणि वर हाय-हॅट (ड्रम्समधली झांजांची जोडी) उघडझाप करत "त्स त्स", तो रुळवला अर्ल यंगने, १९७३ च्या 'द लव्ह आय लॉस्ट' मधे स्वच्छ ऐकू येतो. पुढे गॅम्बल आणि हफ या जोडीशी (हे वादक ज्यांच्या रेकॉर्ड कंपनीसाठी वाजवायचे तिचे मालक) पैशावरून वाजलं आणि यातले बरेच जण न्यूयॉर्कच्या साल्सोलकडे गेले. साल्सोलने हॅरिसला स्वतःचं लेबल काढून दिलं, ते गोल्ड माइंड. म्हणजे लोलिअ‍ॅटाच्या मागे जी "फौज" आहे म्हणताय ती भाड्याने आणलेली नाही, सोलच्या रेकॉर्ड वाजवून वाजवून तयार झालेली माणसं आहेत. मुक्ता, एकदा बाकी सगळं सोडून फक्त बेकरचा बेस ऐका 'हिट अँड रन' मधे. मग बोलू.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही अल्बममधलं 'हिट अँड रन' ऐकलंत की वॉल्टर गिबन्सचं बारा इंची (मोठ्या तबकडीवर लांबवून काढलेलं एकच गाणं)? दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिबन्स हा न्यूयॉर्कचा डीजे. १९७६ मधे साल्सोलने डबल एक्स्पोजरचं 'टेन पर्सेंट' काढलं, दुकानात विकायला आलेलं पहिलं बारा इंची सिंगल म्हणून ते ओळखलं जातं, चार मिनिटांचं गाणं गिबन्सने जवळजवळ दहा मिनिटांचं केलेलं. ते त्याने तयार मिक्स कापून जोडून केलं होतं. 'हिट अँड रन' च्या वेळी मात्र कंपनीने त्याच्या हातात मल्टीट्रॅक टेपच दिली, म्हणजे ड्रम वेगळे, तंतुवाद्यं वेगळी, आवाज वेगळा. एका डीजेवर एवढा विश्वास तेव्हा कोणी टाकत नव्हतं. त्याने काय केलं? ऑर्केस्ट्रा भरपूर कापला, ड्रम्स उघडे टाकले, आणि शेवटी ती जे सुचेल ते म्हणत सुटते ते सगळं ठेवलं. अकरा मिनिटं. मुक्ताला जी जागा हवी होती ती तिथे आहे.

मुक्ता_प

बेस ऐकला. ठीक आहे, फौज शिस्तीची आहे :)

गिबन्सचं मिक्स शोधते. पण म्हणजे बघा, एका डीजेला येऊन गर्दी हटवावी लागली, हा माझ्याच बाजूचा पुरावा झाला ना?

रात्रपाळी

खिक्क. घ्या, दिला पॉइंट.

ओवी_आजरेकर

मी डिस्को वगैरे काही ऐकत नाही, पण धागा वाचून ते अकरा मिनिटांचं ऐकलं आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. पहिली काही मिनिटं साधं गाणं आहे, बाई सांगतेय की मी भले जुन्या वळणाची गावाकडची असेन, पण धडक मारून पळून जाणारा नको. पुढे शब्द जवळजवळ संपतात. मग एकच ओळ घेऊन ती वर वर चढवत जाते, मधेच हसते, हुंकार देते, बोलल्यासारखं करते. आमच्याकडे एकादशीच्या भजनात शेवटी गजर धरतात ना, अभंग कधीच संपलेला असतो, चाल पण उरलेली नसते, नुसतं नाम आणि टाळ आणि लय वाढत चाललेली, तस्संच. हे ती कुठे शिकली?

शिकागोची_माई

ओवी, चर्चमधे शिकली! आणि तू न सांगता बरोबर ओळखलंस.

मी शिकागोच्या बाहेर राहते बरीच वर्षं. लोलिअ‍ॅटा शिकागोचीच, जन्म १९४६. आईचा स्वतःचा गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं) गायनाचा जथा होता, त्यात लहानपणापासून. मग १९६७ ते ७१ ती अल्बर्टिना वॉकरच्या कॅरव्हॅन्समधे होती. गॉस्पेलमधे कॅरव्हॅन्स म्हणजे घराणंच म्हणा, शर्ली सीझर, इनेझ अँड्र्यूज सगळ्या तिथून बाहेर पडल्या. गॉस्पेलच्या गाण्यात शेवटी असा भाग असतोच, वादक एकच तुकडा फिरवत राहतात आणि गाणारी व्यक्ती अंगात आल्यासारखी त्यावर स्वतःचं रचत जाते. त्याला 'व्हॅम्प' म्हणतात. सात इंची रेकॉर्डवर तीन-साडेतीन मिनिटांत तो यायच्या आतच गाणं फेड व्हायचं. डिस्कोमुळे पहिल्यांदा तो भाग पूर्ण ऐकायला मिळाला असं मी म्हणेन. म्हणून मी तबकडीवाल्यांच्या बाजूने.

अजून एक. १९७८ च्या 'क्वीन ऑफ द नाइट' अल्बममधे एक गाणं आहे, 'आय मे नॉट बी देअर व्हेन यू वाँट मी, बट आय ॲम राइट ऑन टाइम'. ऐकायला प्रेमगीत. पण इथल्या काळ्या लोकांच्या कुठल्याही चर्चमधे रविवारी गेलात तर हे वाक्य देवाबद्दल ऐकाल, तो आपल्याला हवा तेव्हा येत नाही पण वेळेवर येतो. देवाचं वाक्य तिने नाचाच्या गाण्यात घातलं आणि कोणी भुवई उंचावली नाही. हे गाणं सुद्धा पुढे गिबन्सने मिक्स केलं, तो स्वतः नंतर कट्टर धार्मिक झाला होता.

तबकडीवाला

माई _/\_ धागा काढल्याचं सार्थक झालं. आणि 'लव्ह सेन्सेशन' मधे पण तेच "राइट ऑन टाइम" आहे, जे इटालियन लोकांनी "राइड" ऐकलं!

बेसुर_बंड्या

म्हणजे चर्चमधून निघालेलं वाक्य शेवटी रिक्षात बसून गेलं.

आगाऊ_पाहुणा

रात्रपाळीदादा, शंका. बारा इंचीच का? गाणं लांब हवं तर एलपी होतीच की.

रात्रपाळी

चांगला प्रश्न. रेकॉर्डवर बेसचा आवाज म्हणजे खाचेची आडवी हालचाल. बेस जेवढा जोरात तेवढी खाच जास्त झुलते, जास्त जागा खाते. एलपीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं कोंबायची तर खाचा जवळ जवळ पाडाव्या लागतात, मग आवाज कमी ठेवावा लागतो. तेवढ्याच बाजूवर एकच गाणं घेतलं तर खाचा ऐसपैस, बेस दणकून, क्लबमधल्या मोठ्या स्पीकरवर पोटात जाणवतो. आणि हे सुचलं ते अपघाताने. टॉम मोल्टन नावाचा मिक्सर रेकॉर्ड कापून घ्यायला गेला, सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, कापणाऱ्याने मोठीवर कापून दिली. सात इंचीएवढंच मोठीवर कसं दिसेल म्हणून खाचा पसरवल्या आणि आवाज ऐकून दोघे उडाले. हाच मोल्टन पुढे 'लव्ह सेन्सेशन' चं बारा इंची मिक्स करणारा.

जोशीबुवा_ठाणेकर

अवांतर: 'लव्ह सेन्सेशन' डॅन हार्टमनने लिहिलं आणि प्रोड्यूस केलं. बाईंनी मुलाखतीत सांगितलंय की त्याने त्यांच्याकडून ते एकोणतीस वेळा गाऊन घेतलं, गळा जायला लागला तेव्हा त्यांनी कॉफीत व्हिक्स व्हेपोरब घालून प्यायलं आणि पुढचं रेकॉर्डिंग केलं.

(कोणी घरी करून बघू नये. आमची आई छातीला चोळायची, प्यायला नव्हती देत.)

बेसुर_बंड्या

बुवा, मी व्हिक्स लावून गातो तरी लोक उठून जातात.

सांजवारा

मला एक कळत नाही. ब्लॅक बॉक्सच्या प्रकरणात एवढं काय झालं? व्हिडिओत कात्रीन किनोल नावाची मॉडेल ओठ हलवते, आवाज दुसरीचा. आपल्याकडे ऐंशी वर्षं हेच चाललंय. आपल्या हिरॉइनने कधी स्वतः गायलंय?

मुक्ता_प

सांजवारा, मोठा फरक आहे हो. आपल्याकडे गायिकेला गायला बोलावतात, पैसे देतात, रेकॉर्डवर नाव असतं. इथे बाईला पत्ताच नाही, तिच्या जुन्या रेकॉर्डचे तुकडे उचलले आणि तोंड दुसरीचं लावलं. गवगवा झाल्यावर हेदर स्मॉल या गायिकेकडून तोच भाग पुन्हा गाऊन नवीन आवृत्ती काढली. लोलिअ‍ॅटाला वकील लावावा लागला, मग तडजोड झाली. मार्की मार्कच्या रेकॉर्डवर मात्र तिचं नाव रीतसर आहे आणि व्हिडिओत ती स्वतः दिसते.

जोशीबुवा_ठाणेकर

मुक्ताताई, "आपल्याकडे रेकॉर्डवर नाव असतं" हे पण आपोआप झालेलं नाही बरं. १९४९ च्या 'महल' मधलं 'आयेगा आनेवाला' ची पहिली रेकॉर्ड आली तेव्हा त्यावर गायिकेचं नाव होतं "कामिनी". म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव! लताबाईंचं नाव लोकांनी रेडिओला पत्रं पाठवून पाठवून विचारून घेतलं.

सांजवारा

ओह. हे माहीत नव्हतं. मागे घेतो.

ओवी_आजरेकर

म्हणजे जगभर आधी तोंड दिसतं, मग आवाजाला नाव मिळतं.

आगाऊ_पाहुणा

मग बोनी एम? आमच्या काकांच्या लग्नाच्या कॅसेटवर पण बोनी एम आहे.

रात्रपाळी

बोनी एमचा नाचणारा बॉबी फॅरल गात नव्हताच, पुरुषाचा आवाज निर्माता फ्रँक फॅरियनचा स्वतःचा. त्याच फॅरियनने पुढे मिली व्हॅनिली काढले, तेही स्वतः गात नव्हते म्हणून त्यांचं ग्रॅमी १९९० मधे परत घेतलं. आणि ब्लॅक बॉक्सने 'राइड ऑन टाइम' नंतर मार्था वॉशला गायला घेऊन पुन्हा तीच मॉडेल पुढे केली. मार्था बाई कोर्टात गेल्या. तो काळच तसला.

कोकणी_बाणा

धाग्याच्या नावात "सुरुवातीच्या डिस्को रेकॉर्ड्स" आहे म्हणून बोलतो. १९७७ म्हणजे सुरुवात? ७७ ला 'सॅटर्डे नाइट फिव्हर' आला, तोवर डिस्कोची वरात अर्ध्या रस्त्यात होती. सुरुवात ऐकायची तर एडी केंड्रिक्स ऐका. टेम्प्टेशन्स या प्रसिद्ध सोल ग्रुपमधून बाहेर पडलेला, १९७२ चा 'पीपल... होल्ड ऑन' अल्बम, त्यातलं 'गर्ल यू नीड अ चेंज ऑफ माइंड', सात मिनिटांच्या वर. निर्माते फ्रँक विल्सन आणि लेनर्ड कॅस्टन. मधे सगळं थांबतं, मग एक एक वाद्य परत येतं, न्यूयॉर्कमधल्या 'लॉफ्ट' या आपल्या घरगुती नाचाच्या पार्ट्यांत डेव्हिड मॅनकुसो हे वाजवायचा. ही पण गॉस्पेलचीच युक्ती, माई म्हणाल्या तशी. आणि हा पण बिचारा टेम्प्टेशन्सच्या नावाखालीच गाडला गेला.

तबकडीवाला

बाणा, तिच्या सुरुवातीच्या म्हणायचं होतं, डिस्कोच्या नाही :) पण केंड्रिक्स मान्य, शंभर टक्के. त्याचा फॉल्सेटो (पुरुषाने काढलेला उंच, पातळ आवाज) तुपासारखा, हिचा आवाज मात्र घासलेल्या पितळेचा. त्यावर वेगळा धागा काढा की, येतो आम्ही.

मुक्ता_प

काल रात्री गिबन्स मिक्स ऐकलं, दिवे बंद करून, हेडफोनवर. मग परत अवेअरचं 'क्राय टू मी' लावलं. मग परत गिबन्स.

माझं मत पूर्ण बदललेलं नाही, सांगून ठेवते. 'क्राय टू मी' मधे ती कोणाला तरी समजावतेय, एकाच माणसाशी बोलतेय. तो जवळिकीचा सूर डिस्कोत नाही, तो गेलाच. पण 'हिट अँड रन' च्या शेवटी जे आहे ते अवेअरच्या कुठल्याच गाण्यात नाही, तिथे ती खोलीभर लोकांशी बोलतेय. ओवीचं भजनाचं वाचून ऐकलं म्हणूनही असेल. डिस्कोने वाट लावली हे वाक्य मात्र मी आता हिच्याबद्दल बोलणार नाही. डॉना समरवर वेगळं भांडू.

शिकागोची_माई

मुक्ता, छान लिहिलंस गं.

मला एक गोष्ट नेहमी खटकते ती सांगते. १२ जुलै १९७९ ला याच शिकागोत, कॉमिस्की पार्क मैदानात, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधे एका रेडिओवाल्याने डिस्को रेकॉर्डचा ढीग स्फोटकांनी उडवला. लोक मैदानात घुसले, जाळपोळ, दुसरा सामना रद्द. तिथे काम करणाऱ्या लोकांनी नंतर सांगितलंय की लोक नुसत्या डिस्को नाही, काळ्या गायकांच्या कुठल्याही रेकॉर्ड घेऊन आले होते. लोलिअ‍ॅटाच्या गावात, ती जोरात असताना! आणि तिथून काही मैलांवर साउथ जेफरसन स्ट्रीटवर वेअरहाउस क्लबमधे फ्रँकी नकल्स याच साल्सोलच्या रेकॉर्ड वाजवत होता, त्यातूनच पुढे हाउस संगीत निघालं. २०२३ मधे शहराने त्या इमारतीला लँडमार्क केलं. बाई २०११ मधेच गेल्या होत्या.

सांजवारा

बरं मी सुरुवात कुठून करू? सगळ्यांनी दहा दहा नावं फेकलीत.

तबकडीवाला

सांजवारा, माझा क्रम: आधी 'हिट अँड रन' गिबन्सचं. मग 'ड्रीमिन'. मग साल्सोल ऑर्केस्ट्राबरोबरचं 'रनअवे', १९७७, त्यात व्हिन्स मोंटानाचं व्हायब्राफोन आहे, रविवारच्या सकाळचं गाणं आहे ते. मग 'कॅच मी ऑन द रिबाउंड'. 'लव्ह सेन्सेशन' सगळ्यात शेवटी, पूर्ण, नुसता उचललेला तुकडा नाही.

मुक्ता_प

आणि मधे कुठेतरी 'वर्न आउट ब्रोकन हार्ट' घाला, नाहीतर मी परत भांडायला येईन. त्याच अल्बममधलं 'दॅट्स हाउ हार्टएक्स आर मेड' पण, मूळ बेबी वॉशिंग्टनचं १९६३ चं, दोन्ही लागोपाठ ऐका.

कोकणी_बाणा

चोर बाजारात यातलं काही मिळेल ही आशा सोडा. तिथे बोनी एम आणि ॲबा, ॲबा आणि बोनी एम. गुपचूप ऑनलाइन ऐका.

आगाऊ_पाहुणा

काकांची कॅसेट कोणाला हवी असेल तर व्यनि करा, आवाज चांगला आहे, मधे फक्त एकदा मंगलाष्टकं येतात.